उत्तरेची भिंत

कोकरू शिजलं, बटाट्याचे मिल्काओ परातीत रचून झाले, सफरचंदाच्या दारूचं, चिचेचं, पिंप ओट्यावर आणून ठेवलं, आणि माणसं मात्र आली नाहीत.

बेलार्मिनो फाटकाशी उभा होता. चर्चपर्यंतची पायवाट रिकामी होती. एक कुत्रं तेवढं आलं, तेही शेजारच्या तिबुर्सिओचं, आणि घराकडे नाक करून फाटकापाशी बसलं.

"येतील," बेलार्मिनो कुत्र्याला म्हणाला.

मागे उत्तरेच्या भिंतीला त्याच्या मुलाने, ओनोफ्रेने, पहाटेच शिड्या लावून ठेवल्या होत्या. त्या भिंतीवरची लाकडी कौलं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवलेली, आता काळी पडली होती. बोट लावलं की ओल्या पावासारखी तुटत. नवी कौलं पडवीत छतापर्यंत रचलेली होती. ती बेलार्मिनोने स्वतः उन्हाळाभर फोडली होती. बायको ओर्तेन्सिया गेल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. उठायचं, ओंडका घ्यायचा, फोडायचा. जेवायचं विसरायचं आणि पुन्हा फोडायचा. इतकी कौलं झाली की ओनोफ्रे एकदा म्हणाला, "बाबा, घर एकच आहे आपलं."

पण कौलं फोडणं एकट्याचं काम, भिंतीवर बसवणं एकट्याचं नव्हे. जुनी काढून नवी ठोकायची तर ती एका दिवसातच. एप्रिलअखेरीला, हिवाळा तोंडावर असताना, उघडी भिंत रात्रभर उत्तरेच्या वाऱ्याच्या तोंडी देईल असा वेडा या बेटावर अजून जन्मला नव्हता. त्यासाठी मिंगा लागते. गाव येतं, राबतं, पोटभर जेवतं, आणि पुढे त्यांच्या घरी काम निघालं की आपण जायचं.

आणि ही भिंत आजच व्हायला हवी होती. ईस्टरला त्याची मुलगी नेलिदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आई होती तोवर ठीक होतं. आता या गळक्या घरात तुम्ही एकटे हिवाळा काढणार नाही. मी एप्रिलअखेर येते. भिंत झालेली असली तर राहा. नसली तर रविवारच्या लाँचने माझ्याबरोबर प्वेर्तो मोंतला यायचं." बेलार्मिनो बरं म्हणाला होता, कारण ईस्टरला एप्रिलअखेर लांब वाटत होती. काल नेलिदा नवऱ्याला घेऊन लाँचवरून उतरली. हातात एक नवंकोरं जाकीट होतं, पिसं भरलेलं, उशीसारखं फुगलेलं.

"प्वेर्तो मोंतला घालायला," ती म्हणाली होती. "हात घालून बघा, किती ऊबदार आहे."

त्याने हात न घालता ते दारामागच्या खिळ्याला अडकवलं होतं.

तो आत स्वयंपाकघरात आला. लोखंडी चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. नेलिदा चुलीशी उभी होती. ओर्तेन्सियाची धाकटी बहीण क्लोरिंदा सकाळपासून किसलेल्या बटाट्यांचे हात अजून पुसत होती. ओनोफ्रे बाकावर हातोडी मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याच्याशेजारी नेलिदाचा नवरा गोंसालो, जो सान्तियागोचा होता, जो येताना प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी घेऊन आला होता आणि कालपासून अख्खं घर त्यात कसं गुंडाळता येईल ते सांगत होता.

या घरात ईस्टरपासून दोन पक्ष पडले होते. ओनोफ्रे बापाच्या बाजूने. त्याची जाळी, होडीचं जुनं इंजिन आणि रिकामी पिंपं बापाच्या पडवीत असत, म्हणून नेलिदा त्याला तोंडावर म्हणाली होती, "तुला बाबा नकोत, गोदाम हवंय." क्लोरिंदा नेलिदाच्या बाजूने. लोखंडी चुलीवर तिचा डोळा आहे असं ओनोफ्रे म्हणे. क्लोरिंदाचं म्हणणं, डोळा वगैरे काही नाही, फक्त घर बंद झालं तर चुलीचं काय करणार एवढंच तिने विचारलं होतं.

"आलं का कुणी?" नेलिदाने विचारलं.

"कुत्रं आलंय," बेलार्मिनो म्हणाला.

क्लोरिंदाने फडकं खाली ठेवलं. "भावजी, तुम्ही बोलावलंत तरी का लोकांना?"

"म्हणजे काय? सगळ्यांना सांगितलं."

"कसं सांगितलं?"

"तोंडाने."

ओनोफ्रे हसायला लागला होता, पण मावशीने बघितल्यावर गप्प झाला.

"तिबुर्सिओला काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा."

"म्हटलं, शनिवारी भिंत काढतोय. तो म्हणाला, बरं. मी म्हटलं, फुरसत असली तर ये, नसली तर काही अडत नाही माझं."

"आणि हे बोलताना तुम्ही कुठे बसला होतात?"

"घोड्यावर."

नेलिदाने कपाळाला हात लावला. तिला लग्न करून शहरात जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण जन्म इथलाच.

"घोड्यावरून," क्लोरिंदा म्हणाली.

"उतरायचं कशाला? गुडघा दुखत होता."

"आणि वेरा भावांकडे?"

"ते होडीत होते. मी किनाऱ्यावरून ओरडलो."

"अरे देवा," ओनोफ्रे म्हणाला आणि त्याने हातोडी बाकाखाली ठेवली.

गोंसालो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "मला कळलं नाही," तो म्हणाला. "सांगितलं ना बाबांनी? दिवस सांगितला, काम सांगितलं."

"असं नसतं सांगायचं," नेलिदा म्हणाली. "विनवणी करायची असते. घरात जायचं, चुलीशी बसायचं, चहासारखी कढत येर्बा प्यायची. गाईची, बटाट्यांची, कुणाच्या सुनेची, सगळी चौकशी करायची. आणि निघताना म्हणायचं, तुमच्याकडे विनवणीला आलोय. एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. आणि म्हटलं नाही तर कुणी येत नाही. आपणहून गेलं तर त्याचा अर्थ, बाबा रे, तुझ्याच्याने होत नाहीये म्हणून आलो. असं तोंडावर कोण कुणाला म्हणेल?"

"आणि घोड्यावरून सांगितलं तर?"

"ती बातमी झाली," क्लोरिंदा म्हणाली.

बेलार्मिनो खुर्चीत बसला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या कामासारखं. इतक्या वर्षांत विनवणीला तो कधी गेलाच नव्हता. तपकिरी शाल पांघरून ओर्तेन्सिया सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची, येर्बा पिऊन पिऊन पोट तुडुंब, जेवायला नको म्हणायची. तो चिडायचा. दिवसभर लोकांच्या चुलीशी बसून करतेस काय, म्हणायचा. ती शाल झटकत म्हणायची, "तुमची भिंत बांधते." त्याला वाटायचं थट्टा करतेय.

"चला," नेलिदा म्हणाली, "म्हणजे भिंत काही होत नाही. मी बाबांच्या कपड्यांची बॅग भरते."

नेलिदा दारापर्यंत गेली, आणि जाता जाता तिची नजर परातींवर पडली. मिल्काओच्या परातींवर पराती होत्या. पाव होता. पातेल्यात अख्खं कोकरू होतं.

"याचं काय करायचं?" ती म्हणाली.

"आपण पाचजण आहोत," ओनोफ्रे म्हणाला. "पुढच्या शनिवारपर्यंत खात बसू."

"लाँचवर घेऊन जा की," क्लोरिंदा म्हणाली. तिने हे फार सहज म्हटलं, फडक्याची घडी करत. "सगळे विचारतील, एवढं जेवण कुणाचं? सांगायचं, आमच्या आईच्या घरची मिंगा होती, कुणी फिरकलं नाही."

नेलिदा दारात थांबली. तिचे कान लाल झाले. लहानपणी कुणी चिडवलं की व्हायचे तसे.

"आईच्या घरच्या मिंगेला माणसं अंगणात मावायची नाहीत," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतेय मी."

"मावशी, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी ताईच्या बाजूने आहे. चूल गेली खड्ड्यात."

नेलिदा परत आली. तिने खुंटीवरची टोपी काढली आणि बापाच्या डोक्यावर ठेवली. "उठा. तिबुर्सिओकाकांकडे जायचं. तुम्ही माझ्याबरोबर यायचंच आहे, त्यात काही बदललेलं नाही. पण असं नाही जायचं. आधी मिंगा होऊ दे, मग आपण भांडू."

"मला नाही जमायचं," बेलार्मिनो म्हणाला.

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

"ओर्तेन्सिया जायची."

क्लोरिंदाने खुर्ची ओढली आणि गोंसालोसमोर मांडली. "बसा भावजी. इथेच शिकून घ्या. हा तिबुर्सिओ."

"मी?" गोंसालो म्हणाला.

"तू. पाय पसरून बस जरा. चेहरा असा ठेव की तुला कशाचीच गरज नाही."

गोंसालोने पाय पसरले. बेलार्मिनो त्याच्यासमोर बसला. सासरा आणि जावई इतके समोरासमोर लग्नाच्या दिवशीही बसले नव्हते.

"काय म्हणतोस, गाय कशी आहे?" बेलार्मिनो म्हणाला.

"माझ्याकडे गाय नाही."

"तिबुर्सिओकडे आहे," क्लोरिंदा म्हणाली.

"बरी आहे गाय," गोंसालो म्हणाला.

बेलार्मिनोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत उचलली. "ते आपलं शनिवारचं," तो म्हणाला. "म्हणजे आजचं. ती भिंत. तर मी, म्हणजे तुझ्याकडे..." तो ओनोफ्रेकडे वळला. "काय बघतोस? लाकडं आण जा."

"विनवणीला," नेलिदा हळूच म्हणाली.

"विनवणीला आलोय," बेलार्मिनो जमिनीकडे बघत म्हणाला.

"येतो ना, नक्की येतो," गोंसालो म्हणाला.

"इतक्यात हो म्हणायचं नसतं," क्लोरिंदा म्हणाली. "आधी म्हणायचं, बघतो, कंबर धरलीय. पण आता म्हणून बसलास. सुटका नाही. शब्द गेला तुझा."

"कसला शब्द?"

"त्यांनी बसून विनवणी केली, तू हो म्हणालास. आता भिंत होईपर्यंत तू या घरचा बांधलेला. उद्याची लाँच असो नाहीतर परवाची."

गोंसालोने बायकोकडे पाहिलं. नेलिदा हसू दाबत होती आणि दाबलं जात नव्हतं. "मला काय विचारतोस? बेटावर लग्न केलंस."

"मग हातोडी तरी द्या," गोंसालो म्हणाला.

बेलार्मिनो एकटाच निघाला. तिबुर्सिओचं कुत्रं पुढे, तो मागे. वारा फिरला होता. घराघरांचा धूर दक्षिणेकडे लवत होता, समुद्र शिशासारखा झाला होता. अंधार पडायच्या आत पाऊस येणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

तिबुर्सिओने दार उघडलं. "अरे, बेलार्मिनो. इकडे कुठे?" जणू सकाळपासून त्याला काही ठाऊकच नव्हतं.

"असाच आलो. इकडून चाललो होतो."

"घोडा नाही आणला?"

"नाही. चालत आलो."

"बरं केलंस. गुडघ्याला बरं असतं," तिबुर्सिओ म्हणाला, आणि चुलीशेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

त्याची बायको एदुविना हिने किटली चढवली. येर्बा आली. बेलार्मिनोने नळीने ओढली, जीभ भाजली, भांडं परत दिलं. परत भरून आलं. गाय बरी होती. बटाट्यांना कीड लागली होती, पण फार नाही. वारा फिरला होता. उत्तरेचा? उत्तरेचाच. मग वाऱ्याबद्दल सांगण्यासारखं सगळं संपलं.

तिबुर्सिओ घरात असूनही कामाची जाड विजार घालून बसला होता. त्याच्या स्वेटरखाली कमरेशी काहीतरी वर आलं होतं, आणि खुर्चीत सरकला की ते लाकडावर टकटक वाजे. तो खोकून ते झाकत होता.

"निघतो," बेलार्मिनो उठत म्हणाला.

"बस रे. गोडाची येर्बा तर राहिलीच आहे," तिबुर्सिओ म्हणाला, आणि एदुविनाने भांड्यात साखर घातली.

तो बसला. आतल्या खोलीच्या बंद दारामागे कुणीतरी शिंकलं. एदुविनाने घाईने किटलीचं झाकण आपटलं.

"मांजर," ती म्हणाली.

"सर्दी झालीय त्याला," तिबुर्सिओ म्हणाला.

बेलार्मिनो पुन्हा उठला. दारापर्यंत गेला. कडीला हात लावला. बाहेर पडलो की संपलं, हे त्याला कळत होतं. बॅग भरलेली असेल. ते फुगलेलं जाकीट अंगात घालून तो खिडकीत बसेल, आणि ती खिडकी दुसऱ्या कुठल्यातरी खिडकीकडे बघत असेल. तो वळला, आणि विनवणीऐवजी भलतंच बोलून गेला.

"ओर्तेन्सिया यायची तेव्हा कुठे बसायची?"

एदुविनाचा हात किटलीवर राहिला. "तू बसला होतास तिथेच," ती म्हणाली. "त्याच स्टुलावर. शाल गुडघ्यांवर घेऊन."

बेलार्मिनो परत आला. त्या स्टुलावर बसला. टोपी गुडघ्यांवर ठेवली.

"तिबुर्सिओ," तो म्हणाला, "तुझ्याकडे विनवणीला आलोय. उत्तरेच्या भिंतीची." मग जे कुणी म्हणत नसतं आणि म्हणायचीही गरज नसते तेही म्हणाला. "माझ्याच्याने एकट्याने होत नाही."

तिबुर्सिओ भांड्याच्या तळाकडे बघत राहिला. नाक ओढलं. मग म्हणाला, "कंबर धरलीय माझी. पण बघू."

"बघू काय," एदुविना म्हणाली, "सकाळपासून बघतोच आहेस."

"येतो," तिबुर्सिओ म्हणाला. त्याने स्वेटर वर करून कमरेची हातोडी काढली आणि मांडीवर ठेवली. "किती वेळ लावलास रे. ते कोकरू तिकडे शिजतंय, वारा सगळा इकडे. आम्ही काय दगडाचे आहोत?"

आतलं दार उघडलं. आत दोघे वेरा भाऊ होते, चर्चची चावी सांभाळणारा होता, तिबुर्सिओचा व्याही होता, टेकडीवरच्या दोघी बहिणी होत्या, आणखीही होते, भिंतीला टेकून, पलंगावर दाटीने, आणि प्रत्येकाच्या कमरेला हातोडी. बोलावल्याशिवाय जायचं कसं म्हणून पहाटेपासून इथे जमून वाट बघत बसले होते.

"चला तर," बेलार्मिनो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"चला काय?" थोरला वेरा म्हणाला. "विनवणी तिबुर्सिओला झाली. आम्ही आपले इथे बसलोय."

"बसलेला आहेस तोवर उरकून घे," एदुविना म्हणाली आणि दुसरी किटली चढवली.

मग बेलार्मिनोने त्या स्टुलावर बसून एकेकाची विनवणी केली, आणि प्रत्येकाबरोबर एक येर्बा प्यायली, कारण एदुविना सोडेना. थोरल्या वेराने कानामागे हात धरला. "काय म्हणालास? जरा जोरात ओरड. मी लांब होडीत आहे." टेकडीवरच्या थोरल्या बहिणीने विचारलं, घोडा कसा आहे, तो स्वतः का नाही आला विनवणीला. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या माणसापर्यंत त्याचं पोट पखालीसारखं डुचमळत होतं, आणि शब्द मात्र आपोआप निघत होते. ओर्तेन्सिया संध्याकाळी जेवायला नको का म्हणायची, ते आज त्याला कळलं.

अंगण भरलं तेव्हा नेलिदा दारात उभी होती. तिने माणसांवरून एक नजर फिरवली आणि आत जाऊन आणखी चिचा आणली.

जुनी कौलं उतरवायला वेळ लागला नाही. पहार घातली की झडत. खाली आडव्या फळ्या होत्या, आणि फळ्यांमध्ये वर्षांनी पडलेल्या फटी. पहिली फट गोंसालोला दिसली. शिडीवरून तो ओरडला, "इथे काहीतरी आहे," आणि त्याने ओढलं. राखी रंगाचा लोकरी मोजा निघाला.

"बाबा, हा तुमचा ना?" ओनोफ्रे म्हणाला.

तो बेलार्मिनोचाच होता. त्याच्या जोडीचा दुसरा मोजा चार फळ्या वर निघाला. मग एक निळा स्वेटर निघाला, ज्याच्यावरून बेलार्मिनोने स्वतःच्या मेव्हण्याशी वर्षभर अबोला धरला होता. मग लग्नातली टोपी, चपटी होऊन. मग एक विजार, वाऱ्याने दोरीवरून समुद्रात नेली असं तो अजून लोकांना सांगत असे. आणि मग तिबुर्सिओने सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असं धरून, आतून घालायचा, घोट्यापर्यंतचा अख्खा लोकरी पायजमा बाहेर काढला आणि शिडीवरून वाऱ्यात फडकवला.

"राष्ट्रध्वज," धाकटा वेरा म्हणाला. काहींनी टोप्या काढल्या.

क्लोरिंदा हसता हसता चिचेच्या पिंपावर बसली. "मला ठाऊक होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "ताई दर एप्रिलला कपाटामागची फळी सरकवायची आणि आतून कोंबायची. मला शपथ घातली होती. म्हणायची, यांना सांगितलं की भिंत गार लागते, तर हे पावसात शिडी लावतील आणि मान मोडून घेतील. त्यापेक्षा मोजे गेलेले बरे."

बेलार्मिनो मोजा हातात घेऊन उभा होता. वरचं लाकूड चिखल झालं होतं, आणि मोजा कोरडा होता. दर हिवाळ्यात चुलीशी बसून तो म्हणायचा, बघ, माझी कौलं, वारा आत येतो का बघ. ती विणता विणता मान हलवायची. आणि ती इतके मोजे का विणते हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"घराला तुमचेच कपडे घातले होते की तिने," नेलिदा म्हणाली. ती केव्हा शेजारी आली त्याला कळलं नव्हतं. तिने मोज्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. "माझा लाल फ्रॉकही असेल इथे कुठेतरी. मी शेळीवर आळ घेतला होता."

"शेळी बिचारी त्यानंतर विकली आपण," बेलार्मिनो म्हणाला.

पुढे कुणाला हसायला सवड नव्हती. खालून वर, ओळीवर ओळ, नवी कौलं चढायला लागली. एकाने द्यायचं, दुसऱ्याने धरायचं, तिसऱ्याने ठोकायचं. शाबूत कपडे परत जिथल्या तिथे गेले, कारण ओर्तेन्सियाने विचार करून ठेवलेले असणार असं तिबुर्सिओ म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. गोंसालोने अंगठा ठेचून घेतला आणि शिडी सोडली नाही. त्याच्या प्लास्टिकाने सरपणाचा ढीग झाकला, आणि ते उत्तम झालं हे ओनोफ्रेनेसुद्धा मान्य केलं.

उजेड उतरला तेव्हा वरच्या कोपऱ्यातला एवढासा तुकडा राहिला होता, चुलीच्या बरोबर डोक्यावर. तिथली फट सगळ्यांत रुंद होती. त्यात जे काही भरलं होतं ते उंदरांनी नेलं होतं. डोळा लावला तर आतला उजेड दिसत होता.

"इथे काहीतरी चांगलं जाड भरायला हवं," तिबुर्सिओ शिडीवरून म्हणाला. "सगळा वारा इथूनच घुसेल. लवकर करा, पडायला लागला."

खरोखर थेंब यायला लागले होते, आडवे, वाऱ्याबरोबर. लोक इकडेतिकडे बघायला लागले. कुणी पोतं म्हणालं, कुणी गवत.

बेलार्मिनो घरात गेला. दारामागून काहीतरी काढल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत ते जाकीट होतं, फुगलेलं, नवंकोरं, लेबलही न काढलेलं. तो कुणाकडे न बघता शिडीशी गेला आणि दुखऱ्या गुडघ्याने चढायला लागला. तिबुर्सिओ बाजूला सरकला.

अंगणात कुणी ठोकत नव्हतं.

"बाबा," नेलिदा खालून म्हणाली, "ते नवं आहे."

"ऊबदार आहे म्हणालीस ना?"

"हो."

"मग झालं तर."

त्याने जाकिटाची घडी केली आणि फटीत सारलं. ते फुगीर असल्यामुळे नीट जाईना. मुठीने कोंबलं, आत गेलं, फट गच्च भरली. एक बाही तेवढी बाहेर लोंबत राहिली. त्याला ती दिसली नाही, किंवा दिसली आणि हात पोचला नाही. तो शिडीच्या टोकाला भिंत धरून उभा राहिला, खाली न बघता. नेलिदा काय करतेय ते ऐकत.

नेलिदाने हातातली परात गोंसालोकडे दिली. दुसऱ्या शिडीशी गेली आणि चढली. बाप आणि ती आता एका उंचीवर होते, मध्ये ती बाही वाऱ्याने हलत होती.

"पुढच्या एप्रिलला फटी भरायला मी येईन," ती म्हणाली. "पण विनवणीला लाँचने प्वेर्तो मोंतला यायचं. माझ्या चुलीशी बसून. किनाऱ्यावरून ओरडलात तर येणार नाही."

"तुझ्याकडे गॅस आहे," बेलार्मिनो म्हणाला.

"मग गॅसशी बसा."

तिने बाही हातात घेतली, आतपर्यंत नीट खोचली, आणि वरून तळहाताने दाबून बघितलं. कुठे वारा लागत नव्हता. मग तिने खाली हात केला, आणि गोंसालोने ठेचलेल्या अंगठ्याने शेवटचं कौल तिच्या हातात दिलं.